दोन भाकऱ्यांचं पथ्य

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या जुन्या क्वार्टरचं दार कुणीतरी काढून नेलंय, त्यामुळे आत जायला कुणाला विचारावं लागलं नाही. या रांगेत आता कुणीच राहत नाही. भिंतींवर लाल रंगात आकडे टाकलेत, म्हणजे पाडापाडी ठरलेली दिसते. सहज वाट वाकडी झाली असं मी म्हणणार होते, पण ते खोटं आहे. पुण्याहून परभणीला आई-अप्पांकडे आले की एक दिवस मी मुद्दाम गाडीनं पूर्णेला येते, आणि दर वेळी पाय आपोआप कॉलनीकडे वळतात. आजवर बाहेरूनच बघून परत जायचे. आज दारच नव्हतं.

स्वयंपाकघर इतकं लहान होतं यावर विश्वास बसेना. शहाबादी फरशीचा ओटा जागेवर आहे, त्यावर कबुतरांनी संसार मांडलाय. शेगडी जिथं असायची तिथली भिंत अजून काळी आहे. आमच्यानंतर राहून गेलेल्यांनी रंगाचे किती हात दिले असतील, पण डाग काही हटला नाही. मी त्या डागाजवळ नाक नेलं. मूर्खपणाच म्हणायचा, कारण तिथं धुळीशिवाय काय असणार. पण मला तव्यावरच्या ज्वारीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग डिझेलचा.

हे दोन वास आमच्या घरात एकत्रच नांदत. अप्पा रेल्वेत ड्रायव्हर होते. ड्युटीवरून आले की त्यांचा निळा शर्ट दारामागच्या खुंटीला लागायचा आणि डिझेलचा वास आधी पुढच्या खोलीत, मग सगळ्या घरात पसरायचा. त्याच वेळी आतून आईच्या भाकरीचा वास बाहेर यायचा. मधल्या उंबऱ्यावर दोघांची गाठ पडायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की सगळ्यांच्या घरी जेवणाचा वास असाच असणार.

आणि तो आवाज. सकाळच्या पॅसेंजरच्या आधी अख्खी रांग भाकऱ्या थापायची. भिंती पातळ, त्यामुळे कुणाच्या घरी किती भाकऱ्या होतात हे कुणापासून लपत नसे. प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचा घाईचा, कुणाचा रागाचा. आईचा हात सावकाश आणि लांब चालणारा, कारण तिची भाकरी मोठी. मोठी म्हणजे तव्याच्या काठाला काठ लावणारी. आमच्याकडे लहान भाकरी करणारीचा हात आखडता समजतात. सोयरीक जुळवायला आलेली माणसं मुलीचे नाक-डोळे नंतर बघत, आधी तिची भाकरी बघत. ‘पोरीचा हात मोकळा हाय’ असं म्हटलं की अर्धं काम झालं. आईबद्दल तसं म्हटलं गेलं होतं, आणि तिनं ते पुढे रोज तव्यावर खरं करून दाखवलं.

आम्ही लिंगायत. अप्पांचं स्नान, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि मग ताट. ताट काशाचं, जड, घासून घासून मधोमध चकाकणारं. त्या ताटात वाढलेलं काही मागे ठेवायचं नाही, हा नियम. प्रसाद तो. जेवण झालं की अप्पा ताटात पाणी ओतत, बोटांनी ताट फिरवून फिरवून धूत आणि ते पाणी पिऊन टाकत. लहानपणी माझ्या मैत्रिणी हे बघून तोंडं वाकडी करायच्या, मला मात्र त्या पाण्याचा आवाज फार आवडायचा. माझ्या ताटात भाजी उरली तर अप्पा रागवत नसत. त्यांना वाईट वाटे, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड जाई. म्हणून मी कारलंसुद्धा गिळायला शिकले.

मी परभणीला कॉलेजात जायला लागले त्या सुमारास अप्पांच्या रक्तात साखर निघाली. का, कशी, कुणाकडून आली, हे आमच्या नातलगांनी बरेच दिवस चघळलं. मी त्यात शिरत नाही. एवढंच सांगते, की रेल्वेच्या नेहमीच्या तपासणीत आकडा वाईट आला, अप्पांना इंजिनावरून उतरवलं आणि तात्पुरतं ऑफिसात बसवलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. साखर आटोक्यात आली तर इंजिन परत मिळणार, नाही आली तर निवृत्त होईपर्यंत खुर्ची.

खुर्ची म्हणजे काही वाईट काम नव्हे. पण तरुणपणापासून इंजिनावर असलेला माणूस दहा ते पाच टेबलाशी बसून घरी येई तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. शर्ट स्वच्छ असायचा. घरातला डिझेलचा वास गेला, आणि तो गेल्यावर कळलं, की आमच्या घराचा वास तोच होता. संध्याकाळी गाडीची शिट्टी झाली की अप्पा मान वर न करता म्हणत, “हा नवा पोरगा दिसायलाय. शिट्टी धरून ठेवायलाय.” आई भिंतीशी बसून त्यांच्याकडे बघायची. तेव्हाच तिनं मनाशी काय ते ठरवलं असणार.

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, कोकणातून आलेले, फार चांगला माणूस. गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि जेवणाचं आईला समजावलं. “गोड बंद. भात अगदी थोडा. ज्वारीची भाकरी चांगली, एका वेळी दोन खाऊ देत.”

आईनं ते देवाची आज्ञा समजून पाळलं. साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. आम्ही सगळेच बिनसाखरेचा चहा प्यायला लागलो, आल्याचा, वेलदोड्याचा, आणि पहिल्या आठवड्यात एकमेकांची तोंडं बघून हसायला लागलो. भात जवळजवळ सुटला. अप्पा दोन्ही वेळा दोनच भाकऱ्या खात, रोज संध्याकाळी रेल्वे फाटकापर्यंत जाऊन येत. मधली तपासणी झाली. साखर जागची हलली नव्हती म्हटलं तरी चालेल.

डॉक्टर म्हणाले, “पथ्य पाळलं जात नाहीये.”

हे वाक्य आईला फार लागलं. उपाशी राहील, पण दिलेल्या शब्दाला चुकणार नाही अशी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखी भाकरी केली, पांढऱ्या फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, “चल गं माज्यासंगं. त्या डॉक्टरला दाखवते मी काय पाळायलाव ते.”

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. आई आपल्या पाळीनं आत गेली, टेबलावर गाठोडं ठेवलं आणि सोडलं. भाकरी अजून कोमट होती. ती टेबलावरच्या कागदांवर पसरली आणि तिची एक कड खाली लोंबायला लागली. डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. दोन्ही हातांनी भाकरी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“ही एक?”

“एकच हाय की. अशा दोन देते. तुमीच बोललाव दोन.”

डॉक्टर हसायला लागले. आधी तोंड दाबून, मग मोकळे. बाकावरची माणसं दारातून डोकावायला लागली. आई ताठ बसून होती, पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला मला दिसत होता. मग डॉक्टर एकदम थांबले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “काकू, चुकलं माझं. माझ्या डोळ्यांपुढे माझ्या आईची भाकरी होती.” त्यांनी आपला तळहात टेबलावर पसरला. “एवढी. बोटं सोडून.”

आई त्या तळहाताकडे बघत राहिली. “एवढी तर आमी निवदाला करताव,” ती म्हणाली. आता तिलाही हसू आवरेना.

ज्वारी खाल्ली की साखर वाढत नाही, हा आमच्या भागातला लाडका गैरसमज. गव्हाला बोल लावायचे, तांदळाला बोल लावायचे, ज्वारीला मात्र सगळं माफ. हल्ली पुण्यातल्या माझ्या शेजारणी ज्वारीच्या पिठाच्या गुलाबी पुड्या आणतात, तिला मिलेट म्हणतात आणि मोठ्या श्रद्धेनं मला विचारतात, “किती खाल्ली तर चालते?” मी त्यांना तळहात दाखवते. त्या दिवशी डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, की ज्वारी चांगलीच, पण तुमच्या दोन भाकऱ्यांत माझ्या निदान पाच बसतात. आईनं ते एकदा ऐकलं, पुन्हा विचारलं नाही.

पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी आईनं लहान भाकरी थापायला घेतली आणि तिला ती थापताच येईना. पिठाचा गोळा हातात मावेल एवढाच घ्यायची, पण थापता थापता हात सवयीनं बाहेर पळायचा आणि भाकरी पापडासारखी पातळ होऊन फाटायची. काठाशी आली की ती स्वतःशीच म्हणायची, “थांब. थांब की.” शेजारच्या घरातून आवाज यायचा, “आज थापायलीस का टाळ्या वाजवायलीस?” कारण इतकी थोडी थाप आमच्या घरातून कधीच कुणी ऐकली नव्हती.

मग ताटाचा प्रश्न आला. काशाच्या त्या मोठ्या ताटात ती चिमुकली भाकरी ठेवली की ताट बोडकं दिसे. एकदा अप्पांनी पाण्यानं ताट धुतलं आणि म्हणाले, “धुयाला बी काई लागलं न्हाई गं आज.” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तिनं भाकरीचा नाद सोडला आणि उरलेल्या ताटाकडे लक्ष वळवलं. माझ्या मते आमची बाजू तिथून पलटली.

पावसाळा होता. बाजारात पालेभाज्यांचे ढीग येत. तांदूळजा, घोळ, चुका, शेपू, अंबाडी. पूर्वी आई भाजी चवीपुरती करायची, बोटानं लावून भाकरी संपवायची एवढी. आता भाजीचा ढीग ताटाच्या मधोमध बसायला लागला आणि भाकरी कडेला गेली. तेल ती डब्यातून कढईत थेट ओतत असे, डोळ्यांच्या अंदाजानं. आता मिसळणाच्या डब्यातल्या लहान चमच्यानं घालायला लागली. कढईवर ताटली झाकायची, ताटलीत पाणी ठेवायचं, भाजी आपल्या वाफेवर शिजते, तळाला लागत नाही आणि तेल मागत नाही. ते ताटलीतलं पाणी थरथरायला लागलं की कोवळ्या पाल्याचा एक हिरवा, किंचित आंबट वास यायचा. डिझेलनं रिकामी केलेली जागा काही दिवस त्या वासानं धरून ठेवली.

सगळंच जमलं असं नाही. कुणीतरी सांगितलं, की मेथ्या दळून पिठात घालाव्यात. आईनं उत्साहानं ओंजळभर घातल्या. अप्पा मुकाट्यानं जेवले, ताट धुऊन प्यायले, उठले. मग आई स्वतः जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला उठून मोरीकडे धावली. “आवो, सांगायचं तर,” ती बाहेर येऊन म्हणाली. अप्पा म्हणाले, “ताटात आलेल्याला नाव ठिवायचं न्हाई.” तेव्हा तिला कळलं, की या माणसाच्या तोंडावरून स्वयंपाकाचं काहीच कळणार नाही. तेव्हापासून ती आधी स्वतः चाखायची. पथ्याचं म्हणून बेचव असेल तर ते मी माझ्या माणसाला घालणार नाही, हा तिचा हट्ट. माझ्या मते पथ्याच्या स्वयंपाकातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीत नसते.

हिवाळा आला. करडईची कोवळी भाजी आली, ओल्या तुरीचे दाणे आले. आई ते दाणे भाजून पाट्यावर भरडायची आणि त्यांची दाट आमटी करायची, लसूण-जिऱ्याची, वर तर्री नसलेली. घट्ट वरणाची वाटी आणि भाजी आधी खायची, भाकरी शेवटी, असा तिनं क्रम लावला, आणि शेवटाला आलेल्या माणसाला दुसऱ्या भाकरीची आठवण होईनाशी झाली. जवसाची चटणी, कारळाची चटणी, तव्यावर भाजलेल्या मिरचीचा ठेचा. ताकावरचं लोणी आधी काढून ठेवलेलं. काशाचं ताट पुन्हा भरलेलं दिसायला लागलं, पूर्वीपेक्षा रंगीत. अप्पांचा शर्ट सैल झाला. चालून येताना ते गुणगुणायला लागले. आणि धुऊन प्यायला ताटात पुन्हा काहीतरी उरायला लागलं.

तपासणी पुढच्या आठवड्यावर आली आणि नेमकी आत्याची घरभरणी निघाली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. देवगाव फाट्याजवळच्या गावात तिनं नवं घर बांधलं होतं. त्यांची आई लवकर गेल्यामुळे अप्पांना तिनंच वाढवलेलं, आणि वाढायचं तिनं अजून थांबवलं नव्हतं. पंगतीत आत्या पोळ्यांचं ताट घेऊन निघाली की कुणाला विचारत नसे. तिच्या हातातून पोळी सुटायची आणि ताटात पडायची. ताटात पडली की संपली कथा, कारण आमच्यात ताटातलं टाकता येत नाही. हात आडवा धरणं अप्पांना थोरल्या बहिणीपुढे कधी जमलं नव्हतं. प्रत्येक वेळी तिच्याकडून आलो की ते दोन दिवस पोट धरून बसत, आणि दोन दिवस खूश असत.

“न्हाई गेलं तर?” मी आदल्या दिवशी विचारलं.

“आक्काचं घर हाय,” आई म्हणाली. “जायचं. आपण वाढायला उभं ऱ्हायचं.”

फाट्यावर बसमधून उतरलो तेव्हाच पुरणाचा वास येत होता. दारात आंब्याची डहाळी, अंगणात मांडव, चुलाणावर गूळ आणि वेलदोडा. स्वामींनी पूजा सांगितली, सगळ्यांच्या कपाळाला विभूती लागली आणि पुरुषांची पंगत बसली. आईनं पदर खोचला आणि पोळ्यांचं ताट सरळ उचललं. अप्पांच्या समोर आली की तिचा हात हलका व्हायचा. अर्धी पोळी, भरपूर भाजी, कटाच्या आमटीची वाटी काठोकाठ. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आतून आत्या आली. तिच्या एका हातात पोळ्या होत्या, दुसऱ्या हातात तुपाची लोटी. ती आईच्या मागून वळसा घालून गेली, अप्पांच्या ताटात दोन अख्ख्या पोळ्या टाकल्या आणि वर तुपाची धार धरली.

“लेकराचं तोंड बगा कसं सुकलंय,” ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली. “उपाशी मारायलीस का गं त्याला?”

अप्पा ताटाकडे बघत बसले. त्यांना पोळ्या नको होत्या, हे मला दिसत होतं. त्यांना इंजिन हवं होतं. पण ताटात पडलं होतं. त्यांनी पोळीला हात घातला.

आईनं आपल्या हातातलं ताट माझ्याकडे दिलं. आणि ती खाली बसली. पुरुषांच्या पंगतीत, सतरंजीवर, अप्पांच्या शेजारी, मांडी घालून. आमच्या घरात बायका शेवटी जेवतात, आणि आई तर त्या बायकांतही शेवटी. तिनं अप्पांच्या बोटांतून ती पोळी काढून घेतली, दुमडली आणि खायला लागली.

वाढणारी माणसं जागेवर थांबली. कुणीतरी मागून “अगं, अगं” म्हणालं. आईनं पहिली पोळी संपवली, दुसरी घेतली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि आत्याच्या हातची पोळी खरोखर चांगली असायची, त्यामुळे ती नुसती खात नव्हती, चवीनं खात होती. मग मान वर करून म्हणाली, “आक्का, ताटातलं टाकायचं न्हाई, ते मला बी ठावं हाय. पर एकट्यानंच खायचं, असं कुठं सांगितलंय?”

पंगतीच्या टोकाला स्वामी बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, “बराबर हाय. प्रसाद वाया गेला न्हाई.” आणि पुन्हा जेवायला लागले.

आत्या तरातरा आत निघून गेली. आता ही रुसणार, दिवाळीपर्यंत बोलणार नाही, असं मला वाटलं. अप्पांनाही तेच वाटलं असावं, त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं ती बाहेर आली. हातात अंबाडीच्या भाजीचं पातेलं होतं, घरच्या बायकांसाठी मागे ठेवलेलं. ती अप्पांसमोर वाकली, डाव भरला आणि तो तसाच हवेत धरला.

“हे वाढू का रं?” तिनं विचारलं.

आत्यानं आयुष्यात कुणाला वाढण्याआधी विचारलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. अप्पा म्हणाले, “वाढ की आक्का.” तिनं वाढलं. मग आईकडे बघून म्हणाली, “आन तुला गं?” आणि उत्तराची वाट न बघता तिच्या बाजूलाही एक डाव सोडला. शेवटी अप्पांनी ताटात पाणी घेतलं, बोटं फिरवली आणि ताट तोंडाला लावलं.

त्या तपासणीत आकडा खाली आला. गोळ्या सुरूच राहिल्या, पथ्यही सुरूच राहिलं, ते काही संपणारं नव्हतं. पण साखर आटोक्यात होती, डोळ्यांवर तिचा परिणाम झालेला नव्हता, आणि डॉक्टरांनी कागदावर सही करता करता आईला हात जोडले. अप्पांना इंजिन परत मिळालं. पहिल्या ड्युटीहून आले तेव्हा आईनं त्यांचा शर्ट धुवायला टाकला नाही, दोन दिवस तसाच खुंटीला राहू दिला. पुढची सगळी वर्षं त्यांनी इंजिनावर काढली आणि इंजिनावरूनच निवृत्त झाले. आत्या आता नाही. असती तर तिला सांगितलं असतं, की तिचं लेकरू अजून बिनचष्म्याचं सुईत दोरा ओवतं आणि त्याची मोठी फुशारकी मारतं.

कबुतरं ओट्यावर परत येऊन बसली. बाहेर स्टेशनवर घोषणा झाली. कुणाचा निरोप घ्यायचा होता अशातला भाग नाही, तरी मी ओट्यावरून एकदा हात फिरवला, पदराला पुसला आणि निघाले. गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. मी आयुष्यात जितक्या वेळा या गाडीत बसले तितक्या वेळा मला तीच एक फेरी आठवते, अप्पा परत इंजिनावर आल्यानंतरची.

त्या दिवशी मी कॉलेजला निघाले तेव्हा आई म्हणाली, “मी बी येते परभणीला.” काम काय, ते तिनं सांगितलं नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. आम्ही बायकांच्या डब्यात बसलो, इंजिनाच्या अगदी मागच्या. गाडी सुटली तेव्हा धक्का म्हणून लागला नाही. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती, पण तिचं सगळं लक्ष चाकांच्या आवाजात होतं. पिंगळी आलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईनं स्टेशनवर खिडकीतून काठोकाठ भरलेला चहा घेतला होता आणि तेवढ्यात गाडी हलली. तिनं पेला घट्ट धरला, मग सैल सोडला. थेंबभर चहा सांडला नव्हता.

“आज डायवर कोण हाय की,” ती कौतुकानं म्हणाली. “लय बेस चालवायलाय.”

आई अप्पांना ‘आवो’ म्हणायची. लोकांशी बोलताना ‘पोरीचे वडील’ म्हणायची. हळदी-कुंकवाला बायकांनी अडवलं तर एखादा उखाणा घेऊन तोंडातल्या तोंडात नाव पुटपुटायची आणि लाजून उठून जायची. त्याखेरीज त्यांचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, मतदार यादीवाला दारात आला तरी ती मला पुढे करायची. आता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

“महालिंगप्पा. माजं माणूस हाय.”